ऐंशी घोडे आणि वीसचा वेग

चंद्रपुरात 'जिप्सी' हे आता एका गाडीचं नाव राहिलेलं नाही. रिक्षा म्हणतो तसं ते वाहनाच्या प्रकाराचं नाव झालंय. 'उद्या सकाळची जिप्सी आहे' म्हणजे उद्या ताडोबात सफारी आहे. मोहर्ली किंवा कोलारा गेटवर पहाटे हिरव्या रंगाच्या, बिनछताच्या गाड्यांची रांग लागते. त्यात सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक बसतात आणि गाडी आत जाते. आत गेल्यावर वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर. सायकलवाला पोरगाही उतारावर याहून जोरात जातो.

याच गाडीवर भारतातल्या रॅली रेसिंगची एक अख्खी पिढी घडली, हे सफारीला आलेल्या बहुतेकांना माहीत नसतं. गाड्यांचं वेड असलेल्या माझ्या मित्रांनाही ते आठवण करून द्यावं लागतं. भारतातल्या 'परफॉर्मन्स कार'चा इतिहास सांगायला बसलं की आपण वेगळ्याच गाड्यांची नावं घेतो. २०१७ साली टाटांनी जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये 'रेसमो' ही दोन सीटची स्पोर्ट्स कार दाखवली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १९० पीएस ताकद, शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत. 'फोर्झा होरायझन ३' या गेममध्ये ती येणार अशी घोषणाही झाली होती. शोरूममध्ये मात्र ती कधीच आली नाही. दुसरं नाव 'बतिस्ता'. महिंद्रांच्या मालकीच्या इटालियन ऑटोमोबिली पिनिनफरिना कंपनीची ही इलेक्ट्रिक हायपरकार, १९०० पीएस, शून्य ते शंभर १.८६ सेकंदांत. दोन्ही गाड्या कौतुकाच्या आहेतच. पण आपल्यापैकी कोणी त्यांना रस्त्यावर पाहिलंय?

माझ्या पिढीने गाडी आधी स्क्रीनवर चालवली, मग रस्त्यावर. 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड'मधली निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू ज्याला आठवत नाही असा माझ्या वयाचा गाडीवेडा मी पाहिलेला नाही. त्या गेममध्ये प्रत्येक गाडीची किंमत तीन पट्ट्यांत मांडलेली असायची: टॉप स्पीड, ॲक्सिलरेशन, हँडलिंग. नकळत आपणही गाड्यांकडे त्याच तीन पट्ट्यांतून बघायला शिकलो. जिप्सीला त्या पट्ट्यांवर बसवलं तर ती शेवटच्या रांगेत जाईल. म्हणूनच तिचा इतिहास नीट सांगायला हवा. तो सांगताना या पट्ट्या अपुऱ्या पडतात आणि त्या कुठे अपुऱ्या पडतात हेच बघण्यासारखं आहे.

तीन मीटरची जीप

सुरुवात अर्थातच जीपपासून. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. २.२ लिटरचं इंजिन, ६० अश्वशक्ती आणि चारही चाकांना ताकद. युद्ध संपलं, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला या जीपची जोडणी सुरू केली. मध्य भारतातल्या जंगलांत जीप पोचली ती वनखात्याबरोबर आणि शिकाऱ्यांबरोबर. रात्री जीपवर सर्चलाइट लावायचा आणि डोळे चमकले की बार काढायचा, अशी शिकार त्या काळात सर्रास चालायची. ज्या यंत्रामुळे जंगल माणसाच्या आवाक्यात आलं, त्याचा पहिला उपयोग हा होता. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. वन्यजीव संरक्षण कायदा आला तो १९७२ मध्ये.

जीप कामाची होती, पण जड होती आणि तेल पिणारी होती. जपानमध्ये 'होप' नावाच्या एका लहानशा कंपनीने १९६०च्या दशकाच्या शेवटी छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बनवून पाहिली. तिला ती विकता आली नाही, आणि सुझुकीने तिचे हक्क विकत घेतले. १९७० मध्ये त्यातून 'एलजे१०' आली. जपानच्या 'केई' वर्गाचे नियम पाळायचे तर गाडीची लांबी तीन मीटरच्या आत आणि इंजिन ३६० सीसीच्या आत हवं. सुझुकीने ३५९ सीसीचं दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं, ताकद फक्त २५ अश्वशक्ती. लांबी नियमात बसवायला स्टेपनी मागच्या दाराबाहेर न लटकवता आत घेतली, त्यात एका माणसाची जागा गेली. ही गाडी म्हणजे एक कसरतच होती, पण तिच्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: चिखलात आणि चढावर ताकद कमी असली तरी चालतं, वजन कमी असायला हवं.

या घराण्यातली पुढची मोठी गाडी म्हणजे १९८१ची 'एसजे४१०'. मारुतीची ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये. दोन वर्षांनी, डिसेंबर १९८५ मध्ये, याच एसजे४१०ची लांब चॅसिसवाली आवृत्ती भारतात आली. तीच जिप्सी. ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, ४५ अश्वशक्ती, चार गिअर. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची 'जिप्सी किंग' आली, साठ अश्वशक्तीची. २००० साली त्याच इंजिनाला १६ व्हॉल्व्ह आणि फ्युएल इंजेक्शन मिळालं आणि आकडा ८० वर गेला.

ऐंशी हा आकडा आज हसण्यासारखा वाटतो. पण सॉफ्ट-टॉप जिप्सीचं वजन होतं जेमतेम ९८५ किलो. म्हणजे टनाला ८१ अश्वशक्ती. त्या काळातल्या डिझेल जीपगाड्यांच्या हे जवळपास दुप्पट होतं. म्हणजे गेमच्या पट्ट्यांत नसलेली पहिली गोष्ट वजन. गेममध्ये आपण ताकद विकत घेतो, टर्बो लावतो, नायट्रस लावतो. सुझुकीच्या अभियंत्यांनी त्याऐवजी वजन काढून टाकलं.

पाटे आणि पोरं

जिप्सीची बांधणी जुनाट होती. शिडीसारखी चॅसिस, त्यावर वेगळी ठेवलेली बॉडी, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चारही कोपऱ्यांत लीफ स्प्रिंग, गॅरेजवाल्यांच्या भाषेत पाटे. पाट्यांवरची गाडी शहरात बसणाऱ्याची कंबर मोडते. पण पाटा तुटला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी लोहार किंवा वेल्डर तो तात्पुरता बांधून देतो. रॅलीत हे फार महत्त्वाचं असतं. स्टेज संपली की पुढची सुरू व्हायच्या आत मिनिटांच्या हिशेबात गाडी उभी करायची असते.

म्हणून भारतातल्या रॅलीवाल्यांनी जिप्सी उचलली. हरी सिंग पाच वेळा राष्ट्रीय रॅली विजेते झाले, त्यांना लोक 'जिप्सी किंग' म्हणायचे. १९९९ पासून सुरू झालेल्या 'रेड दे हिमालय'मध्ये मनालीच्या सुरेश राणांनी पुन्हा पुन्हा जिंकून दाखवलं, त्यातही जिप्सीचा वाटा मोठा. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन मारुती एस्टीमच्या इंजिनाच्या घराण्यातलं, त्यामुळे सुटे भाग आणि ट्यूनिंगचं ज्ञान दोन्ही सहज मिळायचं. लाखो डॉलरच्या रॅली कार न परवडणाऱ्या देशात एखाद्या पोराला सेकंडहँड जिप्सी घेऊन, आत रोलकेज वेल्ड करून थेट राष्ट्रीय स्पर्धेत उतरता येत होतं.

साध्या टू-व्हील मोडमध्ये जिप्सीची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. खडीवर वळण घेताना मागचा भाग बाहेर सरकतो, चालक स्टिअरिंग उलटं फिरवून त्याला धरतो. रॅली गेम्समध्ये हीच गोष्ट उभी करणं सगळ्यात अवघड. टायर आणि जमीन यांच्यातलं नातं सरळ रेषेत वाढत नाही. टायर थोडा घसरू लागला की पकड आधी वाढते, एका बिंदूला कमाल गाठते आणि मग कोसळते. हा वक्र गणितात पकडायला डेल्फ्ट विद्यापीठातले हान्स पासेका यांनी मांडलेलं सूत्र 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणून ओळखलं जातं. नाव गमतीचं आहे, पण जगभरच्या वाहन सिम्युलेशनमध्ये ते वापरात आहे. २००४चा 'रिचर्ड बर्न्स रॅली' हा गेम आजही लोक मॉड करून खेळतात ते त्याच्या फिजिक्समुळे. ग्राफिक्स म्हणाल तर म्हातारे झालेत.

सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून मला यात एक गंमत दिसते. कॉइल स्प्रिंग सिम्युलेट करणं सोपं: दाबाल तितकी परत ढकलते. पाट्याचं तसं नसतं. त्याची पानं एकमेकांवर घासतात, त्यामुळे दाबताना लागणारं बल आणि सुटताना मिळणारं बल वेगळं असतं. पाट्याला आधी काय घडलं ते 'आठवतं' म्हणा ना. गंज, चिखल, ग्रीस यांनी ते घर्षण दर आठवड्याला बदलतं. मोहर्लीचा चालक ज्याला 'गाडी आज कडक बसतेय' म्हणतो, ते कोडमध्ये लिहायला बसलात तर चार नवे व्हेरिएबल लागतील.

या गाडीचे दोषही सांगितले पाहिजेत. उंच आणि अरुंद गाडी उलटण्याचा धोका जास्त. अमेरिकेत जिप्सीच्या भावंडाला, सुझुकी सामुराईला, 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकाने १९८८ मध्ये उलटण्याच्या कारणावरून 'अस्वीकार्य' ठरवलं. सुझुकी कोर्टात गेली. प्रकरण मिटायला २००४ उजाडलं. भारतातही पुढे चाकांमधलं अंतर वाढवून जिप्सीची 'वाइड ट्रॅक' आवृत्ती काढली गेली.

इंजिन बंद करण्याची कला

रॅलीत ज्या गुणांसाठी जिप्सी निवडली गेली, जवळपास त्याच गुणांसाठी ती ताडोबात आली. हलकी, रुंदीला कमी, अरुंद कच्च्या रस्त्यावर वळणारी, गावात दुरुस्त होणारी. आणखी एक गुण म्हणजे ती कारखान्यातूनच कापडी छतासह यायची. छत काढलं की सफारीची गाडी तयार. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

जंगलात गाडीची खरी परीक्षा वेगाने होत नाही. चितळाने किंवा वानराने धोक्याचा कॉल दिला की चालक पहिलं काम करतो ते इंजिन बंद करण्याचं. सगळे कान देतात. कॉल कुठून येतोय, वाघ कुठल्या दिशेने चाललाय, याचा अंदाज गाइड आणि चालक डोळ्यांनी एकमेकांशी बोलून बांधतात. मग गाडी पुन्हा सुरू होते, हळूच पुढे किंवा मागे सरकते, पुन्हा बंद. एका फेरीत हे कितीतरी वेळा होतं. म्हणजे इथे इंजिनाकडून दोनच मागण्या आहेत: बंद असताना पूर्ण शांतता आणि हाक मारली की पहिल्या झटक्यात उठणं. पेट्रोल इंजिन इथे डिझेलवर मात करतं, कारण त्याची खडखड कमी. कुठल्याच मासिकाच्या रोड टेस्टमध्ये 'दिवसातून पन्नास वेळा सुरू-बंद' असा रकाना नसतो. मोहर्लीत मात्र पोटापाण्याचा प्रश्न त्याच रकान्यावर अवलंबून आहे.

आणि तो खरंच पोटापाण्याचा प्रश्न आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा, बफर धरून १७०० चौरस किलोमीटरहून जास्त. त्याच्या काठावरच्या गावांत शेती आहे, तेंदूपत्ता आणि मोहफूल आहे, आणि आता जिप्सी आहे. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या पर्यटनावर अंतरिम बंदी घातली, ती ऑक्टोबरमध्ये नव्या नियमांनंतर उठली. एरवीही पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा बंदच असतो. म्हणजे वर्षातले नऊ महिने कमवायचं आणि हप्ता बारा महिने भरायचा.

या धंद्याची दुसरी बाजूही आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्स्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याचे व्हिडिओ पसरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडवर कारवाई झाली. ताडोबाच्या गाभ्यात मोबाइल नेता येत नाही त्यामागे हाच अनुभव आहे: एका गाडीला वाघ दिसला की बाकीच्यांना कळतं आणि मग रस्ता उरत नाही. पण चालकावर दबाव टाकणारा मागे बसलेला असतो. त्याने पैसे भरलेले असतात आणि त्याला वाघ जवळून हवा असतो. वीसची मर्यादा मोडली जाते ती बहुतेक त्याच्या घाईपायी.

वैनगंगेच्या पलीकडे

चंद्रपूरहून वैनगंगा ओलांडली की गाडीचा अर्थ बदलतो. १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा राज्यातला सगळ्यात जंगलव्याप्त. इथे कितीतरी वर्षं गाडीत बसणं हाच धोका होता. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभूळखेडा इथे भूसुरुंगाच्या स्फोटात पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक असे सोळा जण गेले. त्याच्या आदल्या रात्री जवळच रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली होती. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडच्या लोहखाणीवर सत्तरहून जास्त वाहनं जाळली गेली.

वाहन अभियांत्रिकीत या प्रश्नावर उत्तर आहे. १९७०च्या दशकात ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेत सुरुंगरोधक गाड्या विकसित झाल्या. त्यांचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असतो. स्फोटाचा झोत सपाट तळावर आदळला तर सगळी ताकद आत जाते, तिरक्या तळावर आदळला तर दोन्ही बाजूंना वळतो. त्यासाठी माणसं जमिनीपासून जितकी उंच तितकी बरी. पण उंची वाढली की गाडी उलटण्याचा धोका वाढतो, वजन वाढलं की कच्च्या रस्त्यावर ती रुतते. वजन काढून टाकून जिप्सी जे कमावते, ते सगळं इथे परत मोजावं लागतं. म्हणूनच या जिल्ह्यात पोलिसांची बहुतेक मोहीम पायी चालत आली. तंत्रज्ञानाने सुचवलेल्या सगळ्या उपायांपेक्षा चालणं सुरक्षित होतं.

आणि पोलिसांसाठी जो रस्ता धोक्याचा, तो गावकऱ्यांसाठी बहुधा नसलेलाच रस्ता. एसटीची पहिली बस पुणे ते अहमदनगर धावली १ जून १९४८ रोजी. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं आणि त्यावरून अहेरीला जाणाऱ्या बसचं उद्घाटन झालं १ जानेवारी २०२५ रोजी. मधे सत्त्याहत्तर वर्षं गेली. या काळात जगात जीपची जिप्सी झाली, जिप्सी रॅली जिंकून म्हातारी झाली आणि बंदही पडली. बस गर्देवाड्याला पोचायची होती.

ताप आलेल्या पोराला घेऊन अहेरीच्या दवाखान्यात जायचं असेल तर शून्य ते शंभरचा आकडा शून्य कामाचा. बस आज येणार का, उद्याही येणार का, पावसात येणार का, हे आकडे लागतात. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पुढचा सगळा तालुका तुटतो हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता कोणती गाडी?

२०१९ मध्ये जिप्सी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. एअरबॅग, एबीएस, अपघात-चाचणी यांचे नवे नियम आले, पुढे बीएस-६ येणार होतं, आणि १९८०च्या सांगाड्यात हे बसवणं परवडणारं नव्हतं. हे नियम योग्यच आहेत. हायवेवर ऐंशीने जाताना जिप्सीत आपल्याला वाचवणारं फारसं काही नसतं. लष्करानेही तिची जागा घ्यायला टाटा सफारी स्टॉर्मच्या ३१९२ गाड्या मागवल्या.

पण जंगलाच्या गेटवर उभी असलेली जिप्सी कोणाच्याच हिशेबात नव्हती. २०२३ मध्ये मारुतीने पाच दारांची जिम्नी आणली, जिप्सीची थेट वारसदार. १.५ लिटरचं इंजिन, १०५ पीएस, कॉइल स्प्रिंग, उत्तम गाडी. जपानमध्ये हीच गाडी भारतातून २०२५ मध्ये गेली तेव्हा चार दिवसांत पन्नास हजारांच्या घरात बुकिंग झालं आणि कंपनीला ते थांबवावं लागलं. ताडोबासाठी मात्र तिची अडचण छताची आहे. जिम्नीला पक्कं लोखंडी छत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. जिप्सीचं छत काढायला कोणाला विचारावं लागत नव्हतं, ते कापडाचंच होतं. शिवाय जिम्नीची किंमत शोरूमलाच बारा लाखांच्या वर सुरू झाली, शेवटच्या जिप्सीच्या जवळपास दुप्पट.

तिसरा मार्ग बॅटरीचा. २०२३ मध्ये लष्कर, आयआयटी दिल्ली आणि एका स्टार्टअपने मिळून जुन्या जिप्सीत ३० किलोवॉटचं इलेक्ट्रिक किट बसवून दाखवलं. तीस किलोवॉट म्हणजे सुमारे चाळीस अश्वशक्ती, पहिल्या जिप्सीच्या जवळपास तितकीच. वीसच्या वेगाने, दिवसाला दोन फेऱ्या, प्रत्येक रात्री त्याच गावात मुक्काम: इलेक्ट्रिक गाडीसाठी याहून सोपं वेळापत्रक शोधून सापडणार नाही. कॉल ऐकायला इंजिन बंद करण्याचा प्रश्नच उरत नाही. चंद्रपूर तर वीजनिर्मितीचा जिल्हा, २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र ताडोबाच्या वाटेवरच धूर सोडत उभं आहे. ती वीज कोळशाची आहे आणि तो कोळसा ज्या खाणींतून येतो त्याही याच जंगलाला लागून आहेत, हे विसरून 'ग्रीन सफारी'ची पाटी लावू नये एवढंच.

अडचण तंत्रज्ञानाची नाही. किटचा खर्च, आरटीओची मंजुरी, बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हाचे पैसे, हे सगळं एकेकट्या गाडीमालकाच्या गळ्यात टाकलं तर तो जुनी जिप्सीच ओढत राहील, सुटे भाग मिळेनासे होईपर्यंत. प्रकल्पाकडे गेटची फी जमा होते, बँका आहेत, जिल्हा नियोजनाचा निधी आहे. वीस-पंचवीस गाड्यांचा एक गट, एक गाव, तीन हंगाम, इतकी चाचणी करायला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. त्या चाचणीत टॉप स्पीड आणि ॲक्सिलरेशनचे रकाने ठेवू नयेत. काय मोजायचं ते मोहर्ली-कोलाऱ्याच्या चालकांना विचारून ठरवावं: गाडी पन्नासाव्यांदा सुरू होते का, दगडावर बॅटरीचा तळ घासतो का, मे महिन्यातल्या पंचेचाळीस डिग्रीत दुपारची फेरी पूर्ण होते का, आणि बिघडली तर चंद्रपूरच्या गॅरेजमध्ये ती उघडून बघणारा कोणी आहे का.